संपत, तुझं एक सॉकेट उघडं राहिलं

संपत,

तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात, किती वाजता, हे मी लिहिणार नाही. ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. मला तुला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि विचारायला उशीर झाला आहे. तुझ्या टेबलाखालच्या मशीनवर एक सॉकेट उघडं होतं. ते कशासाठी होतं?

दहावा झाल्यावर भाऊंनी मला बोलावलं. भाऊ म्हणजे आपल्या संस्थेचे चेअरमन. तू त्यांना समोर भाऊ म्हणायचास आणि मागे हायकोर्ट. ते म्हणाले, “मॅडम, संपतनं काय काय चालू ठेवलंय ते एकदा बघून घ्या. पासवर्ड बदला. शोकसभा घ्यायचीच हाय, पण त्याच्या आदी जरा झाडून घेऊ.” झाडून घेऊ, हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हा मला ते खटकलं नाही.

तुझ्या खुर्चीवर बसवेना. मी प्लास्टिकचं स्टूल ओढून घेतलं आणि सगळ्यात आधी तू लावलेल्या सवयीप्रमाणे ती यादी उघडली.

तुला हे सांगायची गरज नाही, पण हा लेख तुझी बायको शैला वाचेल, ऑफिसातली मंडळी वाचतील, म्हणून थोडं सांगते. डिंगोऱ्याचं मुख्य ऑफिस, निरगुडसरचं भाजीपाल्याचं केंद्र आणि वर तळेघरचं हिरड्याचं केंद्र, ही तिन्ही ठिकाणं तू इंटरनेटवरून एकमेकांना जोडलीस. निरोप जातात सगळ्या जगाच्या रस्त्यावरून, पण कुलूप लावलेल्या पेटीतून. त्या पेटीच्या किल्ल्या कॉम्प्युटरच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असतात आणि ठरावीक वेळाने बदलत राहतात. एखाद्या प्रोग्रामला या किल्ल्यांबद्दल कर्नलशी बोलायचं असेल, किंवा नुसतं ऐकायचं असेल, तर खास सॉकेट उघडावं लागतं. त्याची एक जुनी रीत आहे आणि एक नवी. आपला प्रोग्राम नव्या रीतीने बोलतो. जुन्या रीतीची सॉकेट कोणती उघडी आहेत, ते कर्नल एका यादीत दाखवतो. आपल्याकडे त्या यादीत शीर्षकाच्या ओळीखाली काही नसतं. नसायलाच हवं.

“रिकामी यादी रोज बघायची,” तू म्हणायचास. “भरलेली कुनीबी बघतंय. रिकामी बघायचा कंटाळा येतो, अन् तितंच घात व्हतो.”

त्या दिवशी शीर्षकाखाली एक ओळ होती.

तू मला हे सगळं शिकवलंस तेव्हा मी किती कुरकुर केली होती, आठवतं? मी मराठीत एम. ए. झालेली, हिशेबाच्या कामाला आलेली, डब्याबरोबर पुस्तक आणणारी बाई. तू म्हणालास, “मॅडम, तुमी कादंबऱ्या वाचता ना? मंग हे बी वाचा. हितं बी कोन कुनाला काय बोललं, अन् तिसरा कोन कान लावून बसला व्हता, एवडंच असतंय.” मी हसले आणि अडकले. पुढे कित्येक दुपारी आपण दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसलो. तू चहात बिस्किट बुडवून ते विसरायचास आणि गाळ तळाशी गेला की चहावाल्याला दोष द्यायचास.

आपला वादही तिथलाच. तू कोणावरही विश्वास ठेवायचा नाहीस. निरगुडसरच्या केंद्रावरच्या मुलीने नवीन पेन ड्राइव्ह लावला तर तू अर्धा दिवस तिचं मशीन तपासत बसलास. मी म्हटलं, “अरे, ती आपली माणसं आहेत.” तू म्हणालास, “आपली मानसं हायत म्हनूनच. परक्याला आपन आत घेतच न्हाई की.” मी म्हटलं, असं जगता येत नाही. तू म्हणालास, जगायचं वेगळं, मशीन वेगळं. हा वाद आपण कधी मिटवला नाही. एकदा तर तू मला चिडून विचारलंस, “उद्या माझंच सॉकेट दिसलं तर काय कराल? मित्र हाय म्हनून सोडाल?” मी म्हटलं, हो, सोडेन. तुला ते उत्तर आवडलं नाही.

मी सोडलं नाही, संपत. ओळीच्या शेवटी सॉकेटचा क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या प्रोग्रामच्या हातात आहे, ते तू दाखवलंस तसं शोधलं. प्रोग्रामचं नाव होतं ‘फॉन्ट-तपास’. मशीन सुरू झालं की आपोआप चालू व्हावा म्हणून तो बसवलेला होता, पूर्ण अधिकारांसह, तुझ्या खात्यातून. मी स्टुलावर ताठ बसले. फॉन्टला किल्ल्यांशी काय देणंघेणं? आणि ज्याला लपवण्यासारखं काही नाही, तो माणूस दुसऱ्याच कामाचं नाव कशाला देईल?

मी भाऊंना सांगितलं. सांगायला नको होतं असं मला आजही वाटत नाही, कारण तूही सांगितलं असतंस. भाऊंनी दार लोटलं आणि मग झाडून घेण्यामागची गोष्ट बाहेर आली. गेल्या सीझनपासून बाळहिरड्याचा, म्हणजे कोवळ्या हिरड्याचा, आपला भाव जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळीच एक बाहेरचा व्यापारी तळेघरच्या वाड्यांवर पोचतो, आपल्या भावापेक्षा थोडा वरचा भाव सांगतो, आणि सकाळी आपल्या केंद्रावर अर्धी पोतीसुद्धा येत नाहीत.

“त्याला कसं कळतंय?” भाऊ म्हणाले. “वायरीतनं कळत आसंल, असं संचालक म्हनत व्हते. मी म्हनलं, संपत हाय तवर तसं व्हनार न्हाई. अन् आता तुमीच म्हंताय, आतच कान व्हता.”

“कान होता, एवढंच म्हणतेय.”

“मंग काय निस्ता गानी ऐकायला व्हता का? मॅडम, आदी तपास, मंग हार. उगंच फोटोला हार घालायचा अन् मागनं काडायचा, असं नगं व्हायला. लोक आपल्याला बी हासतील अन् त्यालाबी.”

त्याच दुपारी शैलाचा फोन आला. सभा कधी आहे, तिचे भाऊ गाडी करून येणार आहेत. मी म्हटलं, कळवते. तिने विचारलं, “ताई, काय अडलंय का?” मी नाही म्हटलं. माझ्या आवाजावरून तिला कळलं असणार. एवढंच पणाला लागलं होतं, संपत: तुझ्या नावाची सभा होईल, की तुझं नाव ऑफिसात हळू आवाजात घेतलं जाईल.

मग मी तुझा प्रोग्राम उघडून वाचला. लहानच होता. आपल्या कुठल्याही बोगद्याला, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या त्या कुलूपबंद जोडणीला, नवी किल्ली बसली की कर्नल जुन्या रीतीने ऐकणाऱ्या सगळ्यांना निरोप देतो, आणि त्या निरोपात किल्लीही असते. म्हणजे तिन्ही ठिकाणच्या किल्ल्या तुझ्या हातात येत होत्या. पण पुढे तू त्यांचं काय करत होतास? निरोप तळेघरचा नसेल तर फेकून देत होतास. तळेघरचा असेल तर किल्लीही फेकून देत होतास, आणि फक्त पडद्याच्या कोपऱ्यातला एक बारका चौकोन हिरवा करत होतास. तळेघरची किल्ली काढली गेली की चौकोन काळा. बस. कुठे लिहून ठेवणं नाही, कुठे पाठवणं नाही.

तो चौकोन मी पाहिलेला होता. मागे विचारलं तर म्हणाला होतास, “डाग पडलाय स्क्रीनवर.”

इथे माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही, आणि त्याला तूच जबाबदार आहेस. हा प्रोग्राम आज असा आहे, पण गेल्या सीझनला तो कसा होता? फाइलची तारीख तर मलाही बदलता येते. आणि बोगदा चालू आहे की बंद, हे बघायला साधी कमांड पुरते. ही चोरवाट का? त्याचं उत्तर मला थोड्या वेळाने सुचलं आणि ते आवडलं नाही. साधी कमांड कोणी दिली की तिची नोंद होते, आणि दर सोमवारी त्या नोंदी मी वाचते. तू हे भाऊंपासून किंवा व्यापाऱ्यापासून लपवत नव्हतास. माझ्यापासून लपवत होतास.

मग मी त्या चौकोनावर नजर ठेवून बसले. निरगुडसरच्या किल्ल्या घड्याळासारख्या बदलतात. तळेघरच्या तशा नाहीत. सकाळी मध्येच कधीतरी चौकोन हिरवा व्हायचा, दुपारी जेवणाच्या सुमाराला काळा, पुन्हा हिरवा, चहाच्या वेळी काळा. दर वेळी बोगदा मुळापासून नव्याने जोडला जात होता. कोणीतरी हाताने जोडत होतं आणि तोडत होतं. भाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, “झालं तर मंग. वरच बसलाय कोनतरी.”

वर कोण बसतं ते तुला मी काय सांगू. तुझे वडील, आबाच.

जुन्नरहून घोडेगाव, घोडेगावहून पुढची एसटी, आणि ती डिंभ्याच्या पुढचा चढ चढून तळेघरला पोचली. आबा केंद्राच्या पायरीवर बसले होते. तुझ्या मागे ते लगेच केंद्र उघडायला लागले होते. कोणी काही म्हणालं तर म्हणायचे, “शीझन हाय. लोकं टोपली घिऊन कुटं जातील?” मला बघून उठले, पाणी दिलं आणि विचारलं, “काय बिगाडलंय का?”

“सहज आले, आबा. मशीन बघायला.”

“सहज यवड्या लांब कोन येतंय?” असं म्हणत ते आत गेले. मी मागे गेले. त्यांनी वाकून एकेक करून सगळ्या वायरी बोर्डात खोचल्या. आधी मशीनची, मग पडद्याची, मग अँटेनाकडून येणारी. सगळं सुरू झालं. थोड्या वेळाने एका बाईचा हिरडा मोजून झाला, ती गेली. आबा म्हणाले, “चला, च्या घेऊ,” आणि निघण्याआधी पुन्हा वाकून सगळ्या वायरी काढल्या.

मी विचारलं, दर वेळी काढता?

“मंग? गिरनीची मोटर गेली व्हती ना वळवाच्या इजंनं, वायर लावून घरी गेला व्हता गिरनीवाला. आपल्या ताब्यातली वस्तू हाय, आपन नसताना जित्ती ठिवायची न्हाई. संपतला लई सांगितलं. तर त्यो वर आला अन् चार मानसांदेकत प्लग बोर्डाला चिकटपट्टीनं गुंडाळून गेला. मला म्हनतो, हात लावायचा न्हाई. बापाला!” त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. “मी त्येच दिशी काडली पट्टी.”

हे भांडण मला माहीत होतं. दोन पावसाळे तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत आणि दोघांचे निरोप माझ्याकडून जायचे. मी समजत होते की हे जमिनीवरून असेल, लग्नातल्या मानपानावरून असेल. प्लगवरून असेल असं मला सुचलं नव्हतं.

घाटातून उतरताना एसटीत मला कळलं तू काय बघत होतास. आबा केंद्रावर आले की हिरवा. जेवायला गेले की काळा. आज यायला उशीर झाला, आज चहाला जास्त वेळ बसले, आज आलेच नाहीत. त्यांनी तुझं ऐकून वायरी लावून ठेवल्या असत्या तर तो चौकोन कायम हिरवा राहिला असता आणि तुला काहीच कळलं नसतं. तू ज्या गोष्टीवरून बापाशी बोलणं टाकलंस, तिच्याच आधाराने त्यांची खबर ठेवत होतास. आणि हे मला विचारता आलं असतं, संपत. मी रोज त्यांच्याशी फोनवर बोलत होते. “आबा कसे आहेत,” एवढं एक वाक्य. पण मग मी तेच त्यांनाही सांगितलं असतं, याची तुला भीती होती. बरोबर आहे, सांगितलं असतं.

हे मी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. संचालकही बसले होते.

“म्हंजे निर्दोष हाय का?” भाऊ म्हणाले.

“तसं मी म्हटलेलं नाही. आज प्रोग्राम जे करतो ते मी पाहिलं. आधी काय करत होता ते मला सांगता येणार नाही.”

एक संचालक म्हणाले, “बघा. त्या बी खात्रीनं सांगत न्हाईत.”

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगायला मला इतका वेळ का लागला हेच कळत नाही, कारण भाव कॉम्प्युटरमध्ये मीच भरते. आणि भरते कधी? जाहीर करायच्या दिवशी सकाळी, इथे बसून. व्यापारी वाड्यांवर पोचतो आदल्या संध्याकाळी. तेव्हा तो भाव कुठल्याच मशीनमध्ये नसतो, कुठल्याच वायरीतून गेलेला नसतो. तो फक्त या खोलीत, या टेबलाभोवती बोललेला असतो.

भाऊंनी एकेकाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना ते दिसलं.

तुझी सभा झाली. शैलाचे भाऊ गाडी करून आले. भाषणं झाली, सगळ्यांनी तुला प्रामाणिक म्हटलं, ज्यांनी आठवड्यापूर्वी दुसरं काही म्हटलं होतं त्यांनी जरा मोठ्याने. मी मागच्या रांगेतून फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येक हाताकडे बघत होते. यांच्यातला कुठला? अजून कळलेलं नाही. तुझ्यासारखं होऊ नये म्हणून मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, आणि तुझ्याच सभेत मला कोणाचाच हात साधा दिसेना. तरीही मी तुझे आभार मानते. तू शिकवलं नसतंस तर मीही मान डोलावून गप्प बसले असते, आणि ‘काहीतरी होतं बरं का त्याचं’ हे वाक्य तुझ्या नावाला कायमचं चिकटलं असतं.

सभा संपल्यावर आबांना मी तुझ्या टेबलापाशी नेलं. सांगू की नको, हे मी दोन दिवस ठरवत होते. ते तुझं होतं, माझं नव्हतं. पण तू गेलास, आणि मग ते कोणाचंच राहिलं नसतं. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हंजी पाळत ठिवत व्हता म्हना की,” ते म्हणाले. “म्हातारा येळंवर येतो का न्हाई.”

तसंही असू शकेल. तू होतासच तसा.

“रोज बगायचा?”

“रोज.”

“आयतवारी बी?”

“रविवारीही मशीन चालूच असायचं, आबा. रविवारी तो कशाला येतो हे आम्हाला कळायचं नाही.”

ते वाकून पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. “आता का काळं हाय?”

“तुम्ही इथे आहात म्हणून.”

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग तुझी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि तिच्यावर बसले. उठताना म्हणाले, “करा बंद. आता कोन बगनार हाय?”

मी त्यांच्यादेखतच बंद केलं. जिव्हाळ्याचं असलं तरी न सांगता लावलेला कान तो कानच, हे तुझंच म्हणणं होतं. यादी पुन्हा उघडली. शीर्षकाची ओळ, खाली काही नाही. आबांना मी ती दाखवली. त्यांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढत होते तेवढ्यात फोन वाजला. आबा होते. आजवर त्यांनी मला आपणहून कधी फोन केला नव्हता, वजनं विचारायला नेहमी मीच करायचे. मी म्हटलं, “बोला आबा, काय झालं?”

“काय न्हाई,” ते म्हणाले. “वायरी लावल्या.” आणि फोन ठेवून दिला.